डिमेन्शियाच्या रुग्णाला अँटीसायकोटिक गोळ्या: या चुका टाळा

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या एक आजी आंघोळीची वेळ झाली की हात झटकायच्या, नखं मारायच्या. फाइलवर शेरा पडला, ‘आक्रमक’, आणि क्वेटियापिन हे अँटीसायकोटिक, म्हणजे मुळात भास-भ्रमांवरचं औषध सुरू झालं. महिन्याभराने एका नर्सच्या लक्षात आलं की डावा हात वर केला तरच त्या ओरडतात. खांदा आखडला होता. मग पॅरासिटामॉल ठरल्या वेळी दिलं जाऊ लागलं, गाऊनची उजवी बाही आधी काढायची असं ठरलं, आणि नखं मारणं थांबलं.

सगळ्यात मोठी चूक हीच, कारण शोधायच्या आधी गोळी. वागणं एक-दोन दिवसांत अचानक बिघडलं असेल तर लघवीचा संसर्ग, साफ न झालेलं पोट, कमी पाणी, नवं औषध हे आधी तपासा. कानातलं यंत्र बंद पडलंय का, तेही बघा. आणि भटकणं, तेच तेच विचारणं यावर या गोळ्या चालतच नाहीत. माणूस नुसता पेंगतो आणि आपण म्हणतो, शांत झाले!

ही पेंग साधी नाही. घास तोंडातच राहतो, ठसका लागतो, तोल जातो. पक्षाघाताचा धोकाही वाढतो. 2005 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने या गटातल्या नव्या पिढीच्या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. 17 चाचण्यांत मृत्यूचा धोका 1.6 ते 1.7 पट दिसला होता, आणि बरेचसे मृत्यू हृदयविकाराने किंवा न्यूमोनियासारख्या संसर्गाने झाले होते.

खोलीत नसलेली मुलं-प्राणी दिसतात, चाल आखडलेली आहे, असं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ही लुई बॉडी या डिमेन्शियाच्या एका प्रकाराची लक्षणं असू शकतात, आणि त्यात हॅलोपेरिडॉलसारखं अँटीसायकोटिक जिवावर बेतू शकतं.

गोळी कधीच देऊ नये, असं मी म्हणणार नाही. भीतीने माणूस तळमळत असेल, कुणाला इजा होण्याची वेळ आली असेल आणि बाकी उपाय थकले असतील, तर ती द्यावी लागते. पण कमीत कमी डोसने, घरच्यांना धोका समजावून.

दुसरी मोठी चूक म्हणजे ती तशीच चालू ठेवणं. पुरेशा डोसने 4 आठवड्यांत फरक नसेल तर हळूहळू बंद. फरक पडला असेल तरी 4 महिन्यांच्या आत डोस कमी करून बघायचा असतो. मात्र घरच्यांनी परस्पर, एकदम थांबवू नये. सुरू करतानाच फेरतपासणीची तारीख फाइलवर लिहून घ्या, आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा.