इंजिनचं काउल "बंद केलंय" म्हणून निघून जाताय? या चुका टाळा

9 फेब्रुवारी 2022 ची सकाळ. अलायन्स एअरचं एटीआर 72 मुंबईहून भुजला निघालं आणि त्याच्या एका इंजिनवरचं काउल, म्हणजे इंजिनचं झाकण, मुंबईच्या रनवेवरच पडलं. विमान तसंच पुढे जाऊन भुजला सुखरूप उतरलं, कुणाला काही झालं नाही. पण लाईनवर, म्हणजे विमानतळावर उभ्या विमानांच्या देखभालीवर, काम करणाऱ्या आणि एएमई, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरिंग, शिकणाऱ्या पोरांनी ही बातमी "वाचले बिचारे" म्हणून सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण काउल उडायच्या घटना पुन्हा पुन्हा होतात आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी इंजिन एकदम चांगलं असतं, फक्त लॅच, म्हणजे झाकणाची कडी, लावायचं राहिलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काम अर्धवट ठेवून काउल खाली सोडणं. 24 मे 2013 चं लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं उदाहरण बघा, ब्रिटिश एअरवेजचं ए319, ऑस्लोला जाणारं. आदल्या रात्री दोन टेक्निशियननी दोन्ही इंजिनांचे फॅन काउल (पुढच्या पंख्याभोवतीची झाकणं) उघडून आयडीजीचं, म्हणजे इंजिनवरच्या जनरेटरचं, तेल बघितलं. तेल भरायचं होतं पण भरायची गन जवळ नव्हती, मग काउल नुसते खाली टेकवले, लॅच लावले नाहीत, नंतर येऊन करू म्हणून गेले. परत आले ते चुकून दुसऱ्याच विमानापाशी! मूळ विमान तसंच राहिलं, सकाळी पायलटच्या वॉकअराउंडमध्येही, म्हणजे निघायच्या आधी विमानाभोवती मारायच्या फेरीतही, कुणाला दिसलं नाही, आणि टेकऑफला दोन्ही इंजिनांचे काउल उडाले. उडताना उजव्या इंजिनची फ्युएल पाइप फुटली, आग लागली, विमान कसंबसं हीथ्रोला परत आणलं. आत 80 माणसं होती, सगळी वाचली.

म्हणून गन आणायला, चहाला, फोन आला म्हणून, कशासाठीही जायचं असेल तर एकतर काउल पूर्ण उघडं ठेवा, रॉड लावून, लांबून कुणालाही दिसेल असं, (वारा असेल तर मॅन्युअलमधली मर्यादा आधी बघा) नाहीतर पूर्ण लॅच करून जा. मधलं काही नको. आणि काउल उघडायच्या आधीच टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या कामांच्या नोंदवहीत, एंट्री टाका, "झाल्यावर एकदम लिहितो" असं करू नका, कारण शिफ्ट बदलली की तुमच्या डोक्यातलं पुढच्या माणसाला कळत नाही. परत आल्यावर शेपटीवरचं रजिस्ट्रेशन वाचा, बे नंबरवर, म्हणजे पार्किंगच्या जागेच्या नंबरवर, विसंबू नका, रात्री सगळी विमानं सारखीच दिसतात.

दुसरं म्हणजे उभ्याउभ्या चेक करणं. लॅच असतात इंजिनच्या पोटाखाली. हीथ्रोच्या त्या विमानाला प्रत्येक इंजिनखाली चार होते. काउल वरून बिजागरीला लटकलेलं असतं त्यामुळे लॅच नसलं तरी बाजूने बघितलं की बंदच वाटतं, स्कूटरची डिकी नुसती टेकवलेली असते ना तसं. त्यामुळे गुडघे टेका, टॉर्च मारा, प्रत्येक हँडलवरून हात फिरवा, हँडल पृष्ठभागाच्या सपाटीत बसलंय का आणि हुक खरंच अडकलाय का ते बघा. पावसात ओल्या जमिनीवर हे जिवावर येतं, मला माहितीये, तरी करा. हँडल बसत नसेल तर ठोकून बसवू नका, हुक चुकीच्या जागी असेल किंवा लॅचचं टेन्शन, म्हणजे ताण, ॲडजस्ट करायचं असेल, मॅन्युअल काढा.

ए320 फॅमिलीसाठी 2016 मध्ये युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने, ईएएसएने, पुढच्या लॅचला किल्ली बसवायला लावली. लॅच नीट लागल्याशिवाय ती किल्ली निघतच नाही, तिला लाल पट्टी असते आणि निघाली की ती कॉकपिटमध्ये ठेवायची. किल्ली जागेवर दिसत नसेल तर पायलटने निघायच्या आधी विचारलंच पाहिजे.

आणि झाकणाचा छोटा तुकडा पडला तर काय होतंय, असं कुणी म्हटलं तर 25 जुलै 2000 ला पॅरिसला पडलेलं काँकॉर्ड आठवा. आधी उडालेल्या डीसी-10 च्या इंजिन काउलवरची जेमतेम 43 सेंटीमीटरची पट्टी रनवेवर पडली होती, ती बनवली आणि बसवलीही होती कंपनीची पद्धत सोडून. काँकॉर्डचं टायर तिच्यावरून गेलं, फुटलं, आणि 113 माणसं गेली. म्हणून पट्टी बदलायची असेल तरी भाग आणि पद्धत मॅन्युअलप्रमाणेच, हाताशी आहे ते कापून नाही.

प्रवाशांसाठी पण एक, 7 एप्रिल 2024 ला डेन्व्हरला साउथवेस्टच्या 737 चं काउल टेकऑफला फाटून पंखाच्या फ्लॅपवर, म्हणजे मागच्या हलत्या भागावर, आदळलं, ते खिडकीतून प्रवाशांनी शूट केलं होतं. पायलटला कॉकपिटमधून इंजिन दिसेलच असं नसतं, तुम्हाला मात्र खिडकीतून दिसतं. त्यामुळे विमान रनवेकडे जात असताना झाकणाची कड लोंबताना किंवा फडफडताना दिसली तर व्हिडिओ नंतर, आधी बेल दाबा आणि क्रूला नेमकं सांगा, "डावीकडच्या इंजिनचं खालचं झाकण उघडं आहे, प्लीज पायलटला आत्ता सांगा."