जुनी शिडाची होडी दुरुस्त करताय? या चुका टाळा

पहिली चूक मीच केली, तिथूनच सुरू करतो. सोळा फुटी, सागवानी शिडाची होडी कोकणातून ट्रकवर पैठणला आणली ती ऐन मे महिन्यात. जायकवाडीचं पाणी पार आत सरकलेलं. होडी पंधरा दिवस दारात उन्हात पडली आणि फळ्यांच्या सांध्यांत करंगळीचं नख जाईल एवढ्या फटी पडल्या. मी घाबरून बाजारातली कडक होणारी पुट्टी आणली. दोन सांधे भरून झाले, तेवढ्यात शेजारचे भोई काका थांबले.

"काय करायलाव? लाकूड तहानलंय, त्याला दगड कशाला चारायलाव?"

ऊन लागलं की फळी रुंदीला आक्रसते, पाणी मिळालं की फुगते. लांबीत फारसा फरक पडत नाही. कोरडेपणी फट दगडासारखी भरली, तर पाण्यात फुगणाऱ्या फळीला जागाच उरत नाही. मग ती आतल्या फाशा, म्हणजे होडीच्या बरगड्या, तरी मोडते, नाहीतर खिळे उपटते. रात्रभर बसून ती पुट्टी टोच्याने खरवडून काढली. मग होडी सावलीत घेतली, आतून-बाहेरून ओली पोती अंथरली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. चौथ्या दिवशी बहुतेक फटी आपोआप मिटल्या. ज्या उरल्या, त्यांत कापसाची वात बोथट पटाशीने हलक्या हाताने बसवली आणि वरून राळ-तेल दिलं. वात ठासून भरायची नसते.

कोकणात लाकूड खातो तो जहाजकिडा. नावाला किडा, जातीने शिंपला. नाथसागराच्या गोड्या पाण्यात तो जगत नाही, म्हणून इथे निर्धास्त राहू नका. आपल्याकडे होडी मरते ती काठावर. फ्रान्सिस चिचेस्टर या ब्रिटिश दर्यावर्द्याने १९६६-६७ मध्ये वाटेत फक्त सिडनीला थांबून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती 'जिप्सी मॉथ ४' पुढे ग्रीनिचला कोरड्या गोदीत ठेवली. समुद्राला पुरून उरलेली ती होडी तिथे प्रदर्शनात खंगली. २००५ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा पाण्यात उतरली.

पावसाळ्यात ताडपत्री घट्ट आवळणं ही दुसरी घोडचूक. आत साचलेलं गोडं पाणी आणि कोंदट हवा मिळाली की बुरशी लाकूड भुसभुशीत करते. खारं पाणी त्या मानाने बरं. दोन्ही टोकांना वारा खेळू द्या. कुजकं शोधायला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा: ठणठणीत आवाज आला तर फळी धड, भद्द आला तर टोचून बघा.

खिळ्यांचं म्हणाल तर साधं लोखंड नको, तांबं किंवा कांस्य घ्या. सागात तेल असतं, तो लोखंडाला सांभाळून घेतो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं सागवानी जहाज 'त्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. पण फाशा बाभळीच्या असतील तर जपून. बाभळीच्या सालीने कातडी कमावतात ती तिच्यातल्या टॅनिनमुळे, आणि तेच टॅनिन लोखंड खातं. खिळ्याभोवती काळं कडं दिसलं की समजा, आत झीज सुरू झाली.

प्लायवूड लावायचंच असेल तर 'आयएस ७१०' हा मरीन प्लायचा शिक्का बघा. दुकानदार "वॉटरप्रूफ आहे साहेब" म्हणतोच. आणि जुना तुकडा कितीही कुजलेला असो, त्याचा कागदावर छाप घेतल्याशिवाय फेकू नका. आमच्या सुकाणूचं पातं मिस्त्रीने सरपणात घातलं. नवं तीनदा कापावं लागलं.

एवढं करूनही गळती सापडत नसेल तर होडी लाकडी घोड्यांवर (टेकूंवर) नीट टेकवून आत चार बोटं पाणी ओता. जास्त नको, वजनाने सांधे उसवतील. मग खाली वाकून बघा आणि जिथे थेंब फुटेल तिथे लगेच खडूची खूण करा. आमच्या होडीला सहा खुणा झाल्या. त्यांतल्या दोन मी पुट्टी भरली होती त्याच सांध्यांवर.