दोन पीक सुटे दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका: कायरल तपासणीत या चुका टाळा

एकाच जोडातली डावी आणि उजवी चप्पल वजनकाट्यावर ठेवा, आकडा तोच येणार. आपला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वजन मोजणारं यंत्र, असाच काटा. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचे एस आणि आर, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले (कायरल) दोन रेणू, त्याला एकच वाटतात, तुकडेही सारखेच पडतात. शरीरात मात्र एस हा आरच्या ३ ते ५ पट जोरकस. म्हणून सगळी भिस्त कायरल कॉलमवर, म्हणजे त्या दोघांना वेगवेगळ्या वेळी बाहेर सोडणाऱ्या नळीवर. महाप्याच्या आमच्या लॅबमध्ये नवी मुलं दोन पीक (आलेखातले उंचवटे) सुटे दिसले की खूश होतात. भानगड बहुतेकदा त्याआधीच झालेली असते.

थॅलिडोमाइड या औषधाचं उदाहरण घ्या. रक्ताच्या ७.४ पीएचला त्याचे दोन्ही रेणू आपसूक एकमेकांत बदलत राहतात, आणि हे काही तासांच्या हिशेबात घडतं. रक्त काढल्याबरोबर सायट्रेट बफरने आम्लधर्मी करून गार ठेवलं तर अदलाबदल थोपते. गोठवलेला प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) टेबलावर वितळायला ठेवून तुम्ही चहाला गेलात, तर नंतर मोजाल त्यातला काही भाग टेबलावरच तयार झालेला.

पडताळा सोपा आहे. औषध नसलेल्या कोऱ्या प्लाझ्मात एकच आयसोमर (फक्त एस किंवा फक्त आर) घाला आणि एक्स्ट्रॅक्शनपासून, म्हणजे प्लाझ्मातून औषध वेगळं काढण्यापासून, शेवटपर्यंत न्या. दुसऱ्याचा पीक उगवला तर तोच घातलेला स्टँडर्ड (संदर्भ नमुना) थेट सॉल्व्हंटमध्ये इंजेक्ट करा. तिथेही दिसला तर बहुधा स्टँडर्डच अशुद्ध. तिथे नसेल तर रेणू वाटेत उलटतोय. माझा पहिला संशय एक्स्ट्रॅक्शनमधल्या अल्कलीवर असतो. आयबुप्रोफेनला मात्र घाबरू नका. आरचा एस शरीरातच होतो, त्यामुळे रुग्णाच्या नमुन्यात एस चढा दिसला तर ती तुमची चूक नव्हे.

आता कॉलम. अमायलोज किंवा सेल्युलोजचा लेप दिलेल्या कॉलमला टीएचएफ, डायक्लोरोमिथेन, अ‍ॅसिटोन, इथाइल अ‍ॅसिटेट असे सॉल्व्हंट चालत नाहीत, लेपच सुटतो. हे सगळ्यांना पाठ असतं. तरी घाईच्या एका बॅचला आमच्याकडे नायट्रोजनखाली एक्स्ट्रॅक्शनसाठी वापरलेलं इथाइल अ‍ॅसिटेट पुरतं उडालंच नाही, व्हायलच्या तळाशी थेंबभर राहिलं. दिवसभर तेच इंजेक्ट होत राहिलं आणि संध्याकाळी दोन पीकांची एक टेकडी झाली. कॉलमची किंमत इथे लिहीत नाही, अजून दुखतं. वारंवार इथाइल अ‍ॅसिटेट वापरणार असाल तर लेप पक्का बांधलेला, म्हणजे इमोबिलाइज्ड कॉलमच घ्या.

कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात आयसोप्रोपेनॉल संपलं म्हणून इथेनॉल घातलं तर कधीकधी पीकांचा क्रमच उलटतो, आणि आरच्या नावावर एसचा आकडा जातो. अल्कोहोल बदललं की एकेक आयसोमर सुटा इंजेक्ट करून नावं पुन्हा लावा. तापमानाचंही तेच. मे महिन्यात एसी बसला आणि कॉलमच्या ओव्हनला फक्त तापवताच येत असेल, तर २० अंशांची मेथड ३० च्या वर धावते आणि पीक सहसा जवळ सरकतात.

ड्युटेरियमवाला (जड हायड्रोजन असलेला) इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी नमुन्यात घातलेलं त्याच औषधाचं रूप, असला की मॅट्रिक्सची, म्हणजे प्लाझ्मातल्या इतर घटकांची, चिंता मिटली, असंही समजू नका. कार्व्हेडिलॉल या औषधाच्या बाबतीत २००७ मध्येच दिसलं होतं: तो औषधापासून जरासा सरकून बाहेर येतो, आणि तेवढ्यात आयन सप्रेशन (इतर घटकांमुळे सिग्नल दबणं) दोघांवर वेगवेगळं पडतं. निदान सहा वेगवेगळ्या व्यक्तींचा प्लाझ्मा लावून बघा.

आणि हो, एकाच अमायलोज कॉलमवर आज टीएफए (आम्ल), उद्या डीईए (अल्कली) नको. तो जुनं आम्ल लक्षात ठेवतो. आमच्या खणात दोन कॉलम आहेत, एकावर मार्करने ‘आंबट’, दुसऱ्यावर ‘तुरट’.