‘सेंडर व्हेरिफाय फेल्ड’ म्हणून मेल परत येतोय? आधी रिटर्न-पाथ बघा

वागळे इस्टेट असो की महापे एमआयडीसी, छोट्या कंपन्यांची तक्रार ठरलेली असते: आउटलुकमधले मेल व्यवस्थित जातात, बिलिंग सॉफ्टवेअरने किंवा वेबसाइटने पाठवलेले तेवढे परत येतात. लगेच एसपीएफ रेकॉर्डशी (तुमच्या डोमेनचा मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात, त्याची यादी) खेळत बसू नका. बाउन्समध्ये, म्हणजे परत आलेल्या मेलमध्ये, ‘५५०’ आणि ‘सेंडर व्हेरिफाय फेल्ड’ असेल तर भानगड वेगळी आहे.

समोरचा सर्व्हर मेल घेण्याआधी तुमच्या डोमेनचा एमएक्स (मेल स्वीकारणारा सर्व्हर) शोधतो आणि त्याच्या २५ नंबर पोर्टवर येऊन चौकशी करतो. या चौकशीत ‘मेल फ्रॉम’ (पाठवणारा) सहसा रिकामा ठेवतो, ‘आरसीपीटी टू’मध्ये (घेणारा) मूळ मेल पाठवणाऱ्याचाच पत्ता देतो. तुमचा सर्व्हर ‘२५०’ (पत्ता आहे) म्हणाला तर पुढे, ‘५५०’ म्हणाला तर मेल माघारी.

गंमत अशी, की इथे तपासला जातो तो लिफाफ्यावरचा पत्ता, म्हणजे पाठवताना सर्व्हरला सांगितलेला, बाउन्स जिथे परत येतात तो. मेलमध्ये दिसणारा ‘फ्रॉम’ नव्हे. त्याच सॉफ्टवेअरमधून स्वतःच्या जीमेलवर एक बिल पाठवा, ‘शो ओरिजिनल’ उघडा आणि ‘रिटर्न-पाथ’ची ओळ वाचा. बहुतेक वेळा तिथेच चोर सापडतो: कुणी बनवलाच नाही असा ‘नोरिप्लाय’, नाहीतर वेबसर्व्हरच्या युजरचं आणि होस्टचं नाव. पहिल्यासाठी मेलबॉक्स किंवा एलियस (दुसऱ्या मेलबॉक्सकडे वळवलेला पत्ता) बनवा. दुसऱ्यासाठी पीएचपीच्या मेल फंक्शनला पाचव्या पॅरामीटरमध्ये ‘-एफ’ लावून खरा पत्ता द्या. त्यापेक्षा सरळ एसएमटीपी लॉगिनने मेल पाठवलेले बरे.

पत्ता खरा असूनही नकार येतोय? मग बाहेरच्या एखाद्या क्लाउड मशीनवरून टेलनेटने (सर्व्हरशी थेट जोडून हाताने कमांड देण्याचं साधन) हीच चौकशी स्वतः करा. ऑफिसच्या ब्रॉडबँडवर बाहेर जाणारा २५ पोर्ट अनेकदा बंद असतो, तिथून केलेली टेस्ट फसवते. जोडणीच होत नसेल तर फायरवॉल बघा. रिकाम्या ‘मेल फ्रॉम’लाच नकार मिळाला तर स्पॅमचा तो नियम काढा. बाउन्स रिकाम्या पत्त्यानेच येतात आणि मेल पाठवण्याच्या नियमांच्या आरएफसी ५३२१ या दस्तऐवजानुसार ते घ्यावेच लागतात. ‘४५०’ (तात्पुरता नकार) आला तर बहुधा तुमच्याकडचं ग्रेलिस्टिंग, म्हणजे अनोळखी सर्व्हरला ‘नंतर या’ म्हणणारी व्यवस्था, आडवं येतंय. समोरच्याचा आयपी त्यातून वगळा.

दुरुस्तीनंतरही थोडा वेळ मेल परत येऊ शकतात, कारण समोरच्या सर्व्हरच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या नोंदीत, जुना नकार राहतो. एक्झिम या मेल सर्व्हरमध्ये मुळात २ तास. पोस्टफिक्समध्ये ३ दिवस, पण ३ तासांनंतर तो पुन्हा विचारून बघतो. घाई असेल तर समोरच्या अ‍ॅडमिनला ती नोंद पुसायला सांगा.