‘उंदरांवर सिद्ध झालंय’ हे कसं वाचायचं

मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. मधुमेहावर उपाय म्हणून बिबळ्याच्या लाकडाचा पेला आणून त्यात रात्रभर ठेवलेलं पाणी प्यायला लागलेलं कुणी ना कुणी मला विचारतंच, "मॅडम, उंदरांवर सिद्ध झालंय म्हणे, गोळ्या बंद करू?" गोळ्या बंद करायच्या नाहीत, इन्सुलिन तर मुळीच नाही. पण शोधनिबंध जरूर वाचा.

आधी बघा, उंदराला मधुमेह झाला कसा? बहुतेक वेळा तो आम्हीच करतो. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं रसायन थंड सायट्रेट बफरमध्ये विरघळवून लगेच टोचायचं, कारण ते द्रावण टिकत नाही. त्याने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मरतात. मरताना त्यांच्यातलं इन्सुलिन एकदम बाहेर पडतं, म्हणून त्या रात्री उंदरांना ग्लुकोजचं पाणी ठेवावं लागतं, नाहीतर साखर उतरून ते दगावतात. काही दिवसांनी शेपटीच्या टोकाचा थेंब पट्टीवर घेतला की आकडा २५० च्या वर. तुमचा टाइप २ मधुमेह असा एका इंजेक्शनने आलेला नसतो. आधी चरबीयुक्त आहार आणि मग या रसायनाची कमी मात्रा, असं निबंधात असेल तर तो प्रयोग तुमच्या आजाराच्या जरा जवळचा.

अ‍ॅलोक्सान हे त्याच कामाचं दुसरं रसायन वापरलं असेल तर जास्त सावध राहा. त्यातले काही उंदीर आपोआप बरे होतात, त्यामुळे औषध न दिलेला गट शेजारी हवाच. बिबळ्यातल्या एपिकॅटेचिन या घटकाने बीटा पेशी पुन्हा तयार होतात, असं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अशाच उंदरांवर दाखवलं गेलं. दुसऱ्या प्रयोगशाळांनी करून पाहिलं, तर त्यांना तसं आढळलं नाही. आयसीएमआरने विजयसारची, म्हणजे बिबळ्याचीच, माणसांवरची चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. तीही खुली होती, डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही काय दिलंय ते ठाऊक.

मग मात्रा. माणसाची मात्रा काढायला उंदराची (रॅटची) किलोमागची मात्रा ६.२ ने भागा. २०० मिलिग्रॅमचे ३२ होतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास दोन ग्रॅम अर्क रोज. तोही अर्क, पूड नव्हे. अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क आणि पेल्यात रात्रभर ठेवलेलं तांबूस पाणी यांत तेच घटक तेवढेच उतरतील, असं धरून चालू नका.

वनस्पतींवर माझा विश्वास आहे, म्हणूनच हे सगळं सांगते. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाचं मूळ गॅलेगा या युरोपातल्या वनस्पतीत आहे. ते १९२२ मध्ये तयार झालं, पण मधुमेहींवर वापरल्याचं प्रसिद्ध व्हायला १९५७ उजाडलं.

तरीही पेल्यातलं पाणी घ्यायचंच असेल, तर डॉक्टरांना सांगून घ्या आणि घरी ग्लुकोमीटर ठेवा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर फार खाली जाऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले तर लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा.