आज्जीची वाकळ वाचायची कशी

आज्जीच्या दहाव्याला तिचं अंथरूण-पांघरूण बाहेर काढायची घाई सुरू झाली, तेव्हा मी कपाटातल्या तीन वाकळा, म्हणजे तिनं शिवलेल्या गोधड्या, उचलल्या आणि गुपचूप माडीवर नेऊन ठेवल्या. त्यांतल्या ठिगळा-टाक्यांवरून आज्जीचं आयुष्य वाचायचं होतं. माणूस ज्या अंथरुणावर गेलं ते घरात ठेवत नाहीत, ते ठीक आहे. पण त्या लोटात सगळंच जातं. म्हणून घरातल्या थोरल्या बाईच्या कानावर आधीच घालून ठेवा, की अमुक वाकळ द्यायची नाही. ऐनवेळी वाद घालायला कुणाच्यात त्राण नसतं.

आणि धुऊ नका. आमच्यातली एक वाकळ माझ्या जावेनं मायेनंच भिजत घातली. लाल खणाचा रंग सुटून शेजारची चार ठिगळं गुलाबी झाली. आता ती मुळात कसली होती ते कुणालाच ओळखत नाही.

आज्जी शहापुरात जन्मली, वडगावात नांदली, म्हणजे बेळगावातल्या बेळगावातच. वाकळा शिवणारी म्हणून चार गल्ल्यांत तिचं नाव होतं. पोटात जुनी लुगडी, वर ठिगळं, काठापासून आत आत जाणारा धावदोरा. पलीकडच्या कन्नड घरातल्या अक्का हिलाच कौदी म्हणतात. हल्याळकडच्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या, बायका चारही कोपऱ्यांवर घड्यांची ‘फुलं’ लावतात. आज्जीचे कोपरे साधेच, पण कधी उसवले नाहीत.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे वाकळेची नक्कल काढायचा पहिला प्रयोग मशीनवर केला. काळा चिखल निघाला. मग सरळ गच्चीवर धुतलेली चादर अंथरली, तीवर वाकळ, आणि काठांवर विटा ठेवून वितीवितीवर सुतळ्या ताणल्या. आडवे नऊ, उभे सहा असे चौकोन पडले. रंगासाठी फोटो सावलीत काढा. टाक्यांसाठी मात्र सकाळचं तिरपं ऊन हवं, कारण तेव्हा प्रत्येक टाक्याची बारीक सावली पडते. फोटो उंचावरून घ्या, आम्ही जिन्यावरून घेतले. मग वाकळ उलटी करून पुन्हा तेच. उलटी बाजू चुकवू नका, गाठी तिथंच असतात.

आता मोठ्या कागदावर तेच चौकोन आखून ठिगळं काढायची आणि प्रत्येकाला नंबर द्यायचा. आमची चौऱ्याहत्तर भरली. एका वहीत नंबर, कापड कसलं, कुणाचं, कुणी सांगितलं, एवढंच लिहायचं. दोघांनी दोन सांगितलं तर दोन्ही लिहा. बत्तीस नंबरचं खाकी ठिगळ बाबांच्या मते त्यांच्या शाळेच्या चड्डीचं. आत्या म्हणते, “तुझ्या बाबाची चड्डी कुठली उरली असती? बुडाला फाटूनच संपली की!” वहीत दोन्ही आहेत, चड्डीच्या बुडासकट.

यातली खरी किल्ली अशी, की “आज्जी कशी होती?” असं विचारूच नका. सगळे एकच सांगतात, लई मायाळू, लई कष्टाळू. त्यातून हाताला काही लागत नाही. ठिगळावर बोट ठेवा आणि गप्प बसा. काळ्या चंद्रकळेच्या एका तुकड्यावर मी बोट ठेवलं आणि आत्या दहा मिनिटं थांबली नाही. ते आज्जीचं लग्नानंतरचं पहिलं इरकली लुगडं. टोपपदर झिजल्यावर तिनं त्याची माझ्या काकाला दुपटी शिवली, मग उशीचा अभ्रा, आणि शेवटी हा चार बोटांचा तुकडा, पदरावरच्या पांढऱ्या शिखरांपैकी दीड शिखर तेवढं शिल्लक असलेला.

फोनवर रेकॉर्डिंग लावा, आणि लिहून काढताना भाषेला इस्त्री करू नका. आमच्याकडं बायका “मी जातो, मी आलो” म्हणतात. ते “जाते, आले” केलंत तर ती आज्जी राहणार नाही, पाठ्यपुस्तकातली बाई होईल. कन्नड बोलणं देवनागरीत जसंच्या तसं लिहा, पण अर्थ त्याच दिवशी विचारून घ्या. अक्का आज्जीच्या ‘होलिगे’बद्दल भरभरून बोलल्या आणि मी अर्धं पान पुरणपोळीवर लिहून मोकळी झाले. पुरणपोळी म्हणजे होळिगे. होलिगे म्हणजे शिवण.

साल विचारलं की म्हातारी माणसं गडबडतात. त्यांना खुंट्या द्या. कोयनेच्या भूकंपाआधी की नंतर? 11 डिसेंबर 1967 ची ती पहाट. आमच्या गल्लीतले लोक अंथरुणातून उठून बाहेर आले होते, ते सगळ्यांना आठवतं. बहात्तरचा दुष्काळ, 1986 चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, याही चांगल्या खुंट्या. आमच्या भागात कागद शोधताना आणखी एक ध्यानात ठेवायचं. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं, मग मुंबई राज्यात आलं, 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात गेलं आणि 1973 ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. आज्जीनं शहापूर-वडगावची शीव ओलांडली नाही, पण तिच्या ट्रंकेतल्या कागदांवरची सरकारं आणि लिपी बदलत गेली. कन्नड कागद वाचता येत नाहीत म्हणून बाजूला टाकू नका, शेजारी कुणीतरी वाचून देतंच.

बाईचा शोध घेताना नावं दोन असतात. तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं की जुनं कुणी घेत नाही. आज्जीचं माहेरचं नाव आम्हाला कागदावर सापडलंच नाही, सापडलं ते आंदणातल्या तांब्याच्या घागरीवर, गळ्याखाली कोरलेलं, तारखेसकट. अक्षरं झिजली असतील तर वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा, उमटतात. मामानं घागर आधी चिंचेनं लखलखीत करून आणली होती; तसं करू नका, खाचांतला काळेपणाच अक्षरं दाखवतो.

शेवटी टाके मोजा. मला हे उशिरा सुचलं. पट्टी धरून एका इंचात किती टाके ते चार-पाच ठिकाणी बघायचं. सगळ्यांत जुन्या वाकळेत सात आहेत, सुतानं आखल्यासारखे. मोतीबिंदू झाल्यावरच्या वाकळेत तीन, आणि ओळ हळूहळू डावीकडं ढळलेली. मधल्या वाकळेत मात्र एका कोपऱ्यात वीतभर टाके अचानक बेडकासारखे उड्या मारत जातात. आत्यानं तिथं हात फिरवला आणि म्हणाली, “हे माझं. सात-आठ वर्षांची असेन. मी झोपल्यावर उसवून परत घालील म्हणून मी जागी राहिलो होतो.” आज्जीनं ते उसवलं नव्हतं.

ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी नको, आमच्या पावसाळ्यात आत घाम धरतो. जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळी करून ठेवा, घडी घातलीच तर तीन-चार महिन्यांनी मोडून वेगळी घाला. सुक्या कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा, सुटा घातला तर चुरा टाक्यांत अडकतो. नाव-गावाची पट्टी सुती फितीवर पेन्सिलीनं लिहून कडेला टाचा, शाई पसरते.

आमच्या वहीत अजून अकरा नंबर कोरे आहेत. एकसष्ट नंबरचं निळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं कापड बाबा, आत्या, अक्का, कुणालाच ओळखलं नाही, आणि ते बरोब्बर मधोमध आहे, जिथं धावदोरा संपतो तिथं. खानापूरच्या मामी नव्वदीच्या आहेत. फोटोवरून सांगता येत नाही म्हणाल्या, हाताला लागलं पाहिजे. पाऊस उघडला की वाकळच घेऊन जाणार आहे.