आधी नुसतं बघा

जूनमध्ये बालवाडी उघडली की ठरलेली तक्रार येते, "ताई, हा अजून अ-आ गिरवत नाही." पोरगं असतं साडेतीन वर्षांचं. पहिलीत सहा वर्षांचं मूल घ्यावं, असं 2020 चं शैक्षणिक धोरणही सांगतं, घाई आपल्यालाच. मी उलट विचारते, त्याला काय करायला आवडतं? उत्तर बहुधा "मोबाइल."

म्हणून आधी बघायला शिका. संध्याकाळी थोडा वेळ मूल आपणहून काय करतं ते पाहा. मध्ये बोलायचं नाही, शिकवायचं तर मुळीच नाही. वहीत टिपून ठेवा. "छान खेळली" हे कामाचं नाही. "सगळ्यांच्या चपला लहान-मोठ्या लावल्या" हे कामाचं. काही दिवसांनी वही चाळलीत की एखादी गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. चपला लावणारीला डबे द्या, झाकणं द्या, चिंचोके द्या. विकत काही आणू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरी या बालशिक्षण पद्धतीतल्या महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे वापरले. मुलं बालवाडीत येईनात, तर त्यांच्याच अंगणात वर्ग भरवला.

घरात एक खुंटी मुलाच्या उंचीवर ठोका. पाण्याची छोटी लोटी आणि पुसायचं फडकं त्याच्या हाताशी ठेवा. सांडेल. त्यालाच पुसू द्या, ओलं राहिलं तरी त्याच्यासमोर पुन्हा पुसू नका. मटार सोलायला बसवा. निम्मे पोटात जातील. जेवताना भरवायला धावू नका. (सासूबाईंना हे कसं पटवायचं, ते तुमचं तुम्ही बघा.) डाव्या हाताने चमचा धरत असेल तर धरू दे.

कपडे निवडू द्या, पण दोनच पुढे ठेवा. अख्खं कपाट उघडलंत तर रडारड होते. "काकांना गाणं म्हणून दाखव" हे आजपासून बंद.

आणि मोकळीक म्हणजे काहीही चालेल असं नाही. गॅस, रस्ता आणि दुसऱ्या मुलाला मारणं, इथे त्याचं मत विचारायचं नाही. हात धरायचा, "नाही" म्हणायचं, एकदाच. भाषण नको.